शिखरावरचे भालेराव सर

भालेराव सरांना बसायला खुर्ची दिली, की ती कोणत्या झाडाच्या लाकडाची आहे हे ते आधी लॅटिनमध्ये सांगत आणि मगच बसत. तोवर बाकीच्यांनी उभे राहायचे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्राचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर, तोही टेंपररी. "नाव कळलं की वस्तू कळली," हे त्यांचे ब्रीद. दोंडाईच्याच्या एका मुलाने प्रात्यक्षिकात निंबाला निंब म्हटले, तेव्हा सरांनी विचारले, "घरी आईला नुसतं बाई म्हणतोस का रे?" वर्ग हसला. सरांना तो आपल्या विनोदाचा विजय वाटला. हसणाऱ्यांना हजेरी हवी होती.

अन्नाचा पिरॅमिड ते फळ्यावर फार सुरेख काढत. तळाला गवत, मग टोळ, बेडूक, साप आणि टोकाला ससाणा. "शिखरावर एकच असतो," असे म्हणून कोट नीट करत. शिखरावरचा प्राणी स्वतः काहीच तयार करत नाही, हेही ते त्याच तासाला सांगत. पण तेव्हा कोटाला हात लावत नसत.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी विद्यापीठाची समिती येणार होती. सरांनी कॉलेजच्या बागेतल्या प्रत्येक रोपाच्या बुडाशी पत्र्याची पाटी ठोकून घेतली: कुळ, प्रजाती, जाती. फाल्गुनात मोठ्या झाडांची पानगळ झाली आणि पाट्या पाल्याखाली गेल्या. सरांनी माळ्याला हुकूम सोडला, रोज पाला झाडायचा आणि जाळायचा.

माळी म्हणजे सुका आबा. चौदा वर्षे कामावर, तरी रोजंदारीवरच.

"साहेब, पाला झाडनं खाणं शे," तो म्हणाला. "बठ्ठा जाळशात ते झाड काय खाई?"

"आबा, निसर्गातली चक्रं मी शिकवतो. तुम्ही झाडू मारा."

पाला जळाला. चैत्र-वैशाखात उघडी जमीन तव्यासारखी तापली. आबा दोन्ही वेळा बादल्या वाहत होता. सकाळचे पाणी दुपारपर्यंत उडून जाई. मृग लागेतो निम्म्याहून अधिक रोपांच्या काड्या झाल्या. समितीने पाट्यांचे अक्षर वाखाणले. अध्यक्षांनी फक्त एवढेच विचारले, "यातली झाडं कुठं आहेत?"

"माळ्यानं पाणी घातलं नाही," सर म्हणाले. इतके स्वच्छ मराठी मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी आबाला काढून टाकण्याचा कागद तयार झाला. त्यावर साक्षीदाराची सही हवी होती. आबा दाराशी उभा होता.

"भाऊ, तुम्हीन ते रोज देखं ना, पाणी दिधं का नही?"

सरांनी पेन माझ्यापुढे सरकवले. "जगात काही जीव विघटकच असतात, कुजवणं हेच त्यांचं काम, त्याला आपण काय करणार? करा सही. तुम्हाला कायम करण्याचा कागदही माझ्याच टेबलावर आहे."

आबाने माझ्याकडे पाहिले नाही. तो त्या पेनाकडे पाहत होता.

महिन्याभरात मी कायम झालो.