रोवण्याचं उलटं गाणं

फळीवरून बाबांचं वाद्य खाली काढलं, तर त्याला अजून लाखेचा वास येतो. जाड बांबूच्या नळकांड्यावर लाखेनं चिकटवलेले बाभळीचे काटे आणि समोर छत्रीच्या काड्या. दांडा फिरवला की काटे काड्यांना छेडत जात. आईचं भात रोवण्याचं गाणं त्यात बसवायला बाबांनी अख्खा उन्हाळा घालवला होता.

आरमोरीच्या आमच्या ओसरीत त्यांनी दांडा फिरवला, आणि गाणं शेवटाकडून सुरू झालं! काटे उलट्या क्रमानं बसले होते. शिवाय ते एका बाजूला कललेले. दांडा उलटा फिरवला असता तर मोडलेच असते. बाबांचा चेहरा उतरला.

आई नुकतीच भाताच्या बांधीतून आली होती, पायाला ओला चिखल. ती हसली. "काऊन जी, तोंड पाडून बसले? रोवण्यात आमी मांगं-मांगंच सरकतो ना! गाणं बी मांगं चाललं त काय झालं?"

आणि त्या सुरावर ती वाकून, नसलेली रोपं लावत, ओसरीभर मागे सरकत गेली. मी पोट धरून हसले.

आता दोघंही नाहीत. मी दांडा हळूच फिरवते. काही काटे गळलेत, तरी गाणं शेवटाकडूनच निघतं. आई रोपं लावत मागे मागे सरकते, दूर दूर जाते. पण तोंड माझ्याकडेच असतं.