प्रदीपची काळी पेटी

बुधवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. स्थळ: महबूला, कुवेत, प्रदीपची खोली. हजर: मी, माझे मिस्टर आणि आमची सतरा वर्षांची इरा. प्रदीप स्वतः शवागारात.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. एका क्लिनिकचं रेकॉर्ड मी वीस वर्षं सांभाळतेय. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं नव्या मुलींना शिकवते. पण हे झालं...

प्रदीप एक्स-रे मशीन दुरुस्त करायचा. मूळचा देवरुखचा, एकटा जीव, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला. त्याला आणि इराला एकच वेड — काळे कपडे घालून किंचाळणारे अमेरिकन रॉकवाले, तिथले गाजलेले खून, तिथली फ्युनरल होम्स. मी आमटी वाढतेय आणि हे दोघं कुठल्या खुन्याने प्रेत कुठे लपवलं यावर भांडताहेत!

"जेवताना मुडदे नकोत," मी ओरडायची.

"वहिनी, तिकडे मेल्यावरसुद्धा पावडर, सूट, भेटीची वेळ, नावांची यादी. तुमच्यासारख्याच कुणा बाईने ही पद्धत काढली असणार!"

"काका, शी वुड रन द प्लेस," इरा खिदळायची.

सोमवारी कामावरच त्याला अटॅक आला. गेला. थोरल्या बहिणीला, आक्कांना, मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "त्याचं तोंड बघू दे गो मला. उशीर नको करूस."

त्याला गावी पाठवायला गुरुवारच्या विमानात जागा मिळाली. पण त्याआधी, बुधवारी एकच्या आत, त्याचा पासपोर्ट दूतावासात रद्द करून घ्यायचा होता. नाहीतर ते विमान चुकणार, मग शुक्रवार-शनिवारची सुट्टी, म्हणजे थेट रविवार. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांसाठी धावपळ करणारा माणूस, म्हणाला, "पासपोर्ट उसीके पास था."

सकाळी नऊला क्लिनिकमध्ये मी कामांची यादी केली. दहा मुद्दे. झेरॉक्स मिस्टरांना दिली, मूळ कागद पर्समध्ये ठेवला. पर्स खांद्यावरून उतरली नाही.

इराला परीक्षेनंतर शाळेतून घेतलं आणि अकराला खोली उघडली. गादी, कपाट, बुटांचे खोके, सगळं उलथंपालथं केलं. पावणेबाराला मी खाली बसले आणि पर्समधला कागद काढून इराला दिला.

"इरा, यादी वाच. काहीतरी राहतंय."

तिला देवनागरी अक्षर-अक्षर लावून वाचावं लागतं. "टेन... आक्कांना फोन. इलेव्हन... का-ळी पे-टी. खा-ल-चा क-प्पा."

"अकरावा नाहीये."

"आई, इट्स युअर हँडरायटिंग."

होतं. माझा शेपूटवाला 'ळ', माझं निळं पेन. मिस्टरांनी खिशातली झेरॉक्स उघडली. दहाच मुद्दे.

फळीवर शवपेटीच्या आकाराचा काळा डबा होता, कुठल्याशा अमेरिकन बँडच्या सीडींचा. या खोलीत मी त्याआधी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. डब्याला कप्पा दिसत नव्हता. इराने तो उलटा करून तळ दाबला आणि एक पातळ ट्रे सरकन बाहेर आला. आत पासपोर्ट.

पाऊण वाजता आम्ही दूतावासात होतो. गाडीत इरा मुसमुसत म्हणाली, "काकांनीच लिहिलं ना?"

"सीट बेल्ट लाव," मी म्हटलं. आणि मलाही रडू फुटलं.

मिस्टरांचं म्हणणं, प्रदीप कधीतरी बोलला असेल, तुझ्या हाताने नकळत लिहिलं असेल. असेल. पण कधी? पर्स तर तोवर उघडलीच नव्हती. आणि इराला स्वतःचं आडनावही मराठीत धड लिहिता येत नाही. मी सगळ्या वेळा पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या.

शनिवारी आक्कांचा फोन आला. "वेळेत आला गो. झोपल्यासारखा दिसत होता. पासपोर्ट कुठे ठेवला होता त्या वेंधळ्याने?"

"कपाटात," मी म्हटलं.

त्यांना समोर बसून खरं सांगायचं आहे. त्यानंतर एकदा सुट्टीत देवरुखला जाऊन आले, त्यांच्या हातचा चहा प्यायले. अजून सांगितलेलं नाही.