मानेवरची राख
परळीहून केजला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची, अंगानं जाड, आणि एवढ्या उकाड्यात गळ्याला ओढणी गच्च गुंडाळलेली. पलीकडे तिची आई. आई घडोघडी ती ओढणी बाजूला सारायची, बाटलीतल्या पाण्यानं पदर भिजवायची आणि पोरीची काळी मान खसाखसा घासायची. पोर मुकाट्यानं मान पुढं करायची.

"परळीच्या वीजकेंद्राची राख हाय, लई चिवट," आई मला म्हणाली.

"डॉक्टरला दाखवलं का?"

"तिथूनच आलो की. मळ न्हाई म्हनले. अंगातलं इन्सुलिन नीट काम करीना, त्यानंच वजन वाढतंय अन् मान काळी पडतीय. गोळ्या दिल्यात."

"मग घासता कावून?" माझा आवाज चढला. कातडी सोलवटली होती, तरी बाईनं पुन्हा पदर भिजवला! डोकंच फिरलं माझं. मी सरळ तिचा हात धरला.

तेव्हा पोर पहिल्यांदा बोलली, माझ्या कानाशी, हळूच.

"घासू द्या, मावशी. तेवढा येळ तरी ती माज्या खान्यावरून बोलत न्हाई."

मी हात सोडला. केज येईपर्यंत ती मान पुढं करत राहिली.