वामेला खवले नसतात

पोरांच्या प्रश्नांपुढे न डगमगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. मूळचे साताऱ्याकडचे, बिऱ्हाड सालवडला, बोईसरच्या एका कारखान्यात पाइपांची देखभाल करतात. पोराने काही विचारलं की त्यांच्या अंगातच येतं. पालघरला एका लग्नाच्या पंगतीत कुणा पोराने विचारलं, पापड तळल्यावर का फुगतो? साडू भरल्या ताटावरून उठले, त्याला आचाऱ्याच्या कढईपाशी घेऊन गेले आणि पापडातल्या पाण्याची वाफ कशी होते हे डझनभर पापड तळून सिद्ध करेपर्यंत पंगत मठ्ठ्यासाठी ताटकळली. तेव्हापासून माझी मेहुणी लग्नात त्यांच्या शेजारी बसत नाही.

असा माणूस एकदा सपशेल चुकला. दर रविवारी ते मुरबे गावात मासे घ्यायला जातात. मासे विकणाऱ्या मावशीच्या मुलीने विचारलं, "काका, मासा खाऱ्या पान्यात रेतो, मंग खारट का नाय लागत?" यांचा जन्म गंजाशी भांडण्यात गेलेला. दिलं ठोकून, "खवले असतात ना! पाइपाला रंग मारला की गंज चढत नाही, तसं मीठ आत शिरत नाही." पोरीने ते भर वर्गात सांगितलं. सगळी कोळ्यांची पोरं. वाम म्हणजे सापासारखा लांब, गुळगुळीत मासा, तो तर सगळ्यांच्या घरचा. "वामेला खवलं कुठं हायत?" म्हणून तिला चिडवून बेजार केलं. पुढच्या रविवारी मावशी म्हणाली, "पोरगी आता शालेत तोंडच उगडत नाय."

साडूंना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी पुस्तकं धुंडाळली, माशांचे कल्ले उलगडून मेहुणीचा ओटा नासवला. मी म्हटलं, "अहो, पोरं आहेत, विसरतील."

"पोरं विसरतील हो. पण ती पोरगी विचारायचंच विसरली तर?"

त्यांनी रजा टाकली, मासळीची पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही थेट शाळेत. बाईंना विचारून त्यांनी हातभर वाम टेबलावर ठेवली, कल्ले उघडून दाखवले. "मासा खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ इथून बाहेर टाकतो. खवल्यांचं मी सांगितलं होतं. चुकलो मी, ही नाही."

 पोरीने मान वर केली नाही. साडू पडल्या चेहऱ्याने दारापर्यंत आले, तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, मंग माशाला तान लागते का?"

साडू वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "माहीत नाही गं. शोधून सांगतो."

लहानपणी मलाही मोठ्यांनी असं पुष्कळ ठोकून दिलं होतं. ते चुकलं, असं सांगायला कुणी परत आलं नाही. मी विचारणं कधी सोडलं, तेही आता मला आठवत नाही.