रेघ नसलेली तबकडी

जुन्या बाजारात माझ्या शेजारी एका मुलीने गाण्यांची तबकडी उन्हात तिरकी धरली. "काका, हिच्यात दोन गाण्यांमधली मोकळी रेघच नाही," ती दुकानदाराला म्हणाली.

विलायतेतल्या रॉकवाल्या पोरांनी सुटी गाणी सोडून अख्ख्या तबकडीची एकच गोष्ट करायला घेतली, तेव्हाची ती. माझ्या दादाकडेही होती. मी सुई उचलून अंदाजाने थेट आवडत्या गाण्यावर ठेवायचो. "गोष्ट मधूनच कसली ऐकतोस रे?" तो चिडायचा.

शेवटच्या आजारात त्याने ती सबंध ऐकायला मागितली. पहिली बाजू संपली आणि मी घड्याळ पाहिलं. "दुसरी उद्या लावतो, दादा." तो उद्या आलाच नाही. घरात मात्र सांगत आलो, आम्ही ती पूर्ण ऐकली.

दुकानदाराने तबकडी लावली. पहिली बाजू संपेपर्यंत मी उभा होतो. मुलीने ती उलटली, तसा निघालो. दादाशिवाय ती पुढची गोष्ट मला ऐकवत नाही.