बुकवर्मची आई

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. पालकसभेत मुलीच्या टीचर कौतुकानं म्हणाल्या, "तुमची मुलगी अगदी बुकवर्म आहे." मी समजल्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातला जाडजूड शब्दकोश काढला. जुन्या ग्रंथालयांत कागद आणि बांधणीची खळ पोखरणाऱ्या अळ्यांना इंग्रज तसं म्हणत. मग सदा पुस्तकात तोंड खुपसून बसणाऱ्यांना हिणवायला तो शब्द वापरू लागले, आणि पुढे कधीतरी तो लाडाचा झाला. मला लाडाचा अर्थ पुरेसा होता. सेक्शनमध्ये सगळ्यांना सांगून झालं.

तेव्हा सगळ्यांनाच घाई झाली होती. परदेशी कंपन्या येत होत्या, गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या, फाडफाड इंग्रजी बोलता यायलाच हवं होतं. मी तिला मागेल ती इंग्रजी पुस्तकं आणून दिली. माझी मराठी पुस्तकं मी एकटीच वाचायचे. "तिला कशाला मराठीचा जादा अभ्यास?" असं नवऱ्याला मीच म्हणायचे. मोठी शहाणी होते.

पुढे दिल्लीतच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला. तिथं काचबिंदूनं माझे डोळे गेले. मुलगी तोवर नोकरीला लागली होती. दर रविवारी ती शेजारी बसून मला माझी पुस्तकं वाचून दाखवू लागली. लिपी हिंदीचीच, त्यामुळे कुठं अडखळायची नाही. डोळे गेल्याचं दुःख त्या तासाभरापुरतं मी विसरायचे. वाटायचं, आपण दोघी मिळून वाचतोय.

एका रविवारी गोष्टीतल्या म्हातारीनं मुलाची वाट बघत प्राण सोडला. मुलगी त्याच सुरात पुढचं वाचत राहिली.

"थांब जरा. काय झालं तिचं?" मी विचारलं.

"कोणाचं?"

"म्हातारीचं."

ती म्हणाली, "आई, सच बोलू? मला यातलं आधं पण समजत नाही. तुला आवडतं म्हणून वाचते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, यार."

तिच्यावर काय म्हणून चिडायचं? दोन वर्षं ती स्वतःचा रविवार माझ्यासाठी घालवत होती. हे सगळं माझ्याच हातानं झालेलं होतं, आणि आता निस्तरायला वेळही उरला नव्हता.

"पुढे वाचू?" तिनं विचारलं.

"नको. पुढच्या रविवारपासूनही नको."

"अच्छा," ती म्हणाली. तिला हायसं वाटल्याचं मला आवाजावरून कळलं.