मावशी चुकतात तेव्हा

इतकी वर्षं जर्मनीत काढल्यावर मी ठामपणे सांगू शकतो, की या देशात चुकायला न घाबरणारं माणूस एकच आहे आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. बाकी आम्ही सगळे घाबरतो. जर्मन माणूस घाबरतो, कारण त्याला चुकायची सवय नसते. आणि आम्ही हॅनोव्हरची मराठी मंडळी घाबरतो, कारण आपण चुकलो तर आधी शेजारचा जर्मन सांगणार आणि मग मंडळात बभ्रा होणार. काचेची बाटली कुठल्या डब्यात, रविवारी भिंतीला भोक पाडायचं की नाही, तिकिटावर शिक्का कुठे मारायचा, या धास्तीत आमचे केस पांढरे झाले. मावशी मात्र सकाळी उठल्यापासून चुकायला सुरुवात करतात. स्वेटर उलटा घालून ट्रामने येतात. सोमवारला गुरुवार म्हणतात. सापशिडी खेळताना सापाच्या शेपटीवरून ऐटीत वर चढतात. नव्या जावयांना, सुनांना वाटतं, म्हातारीचं काही खरं नाही. मलाही लग्नानंतर दोन-तीन वर्षं तसंच वाटत होतं. मग एकदा लक्षात आलं, की मावशी फक्त मुलांसमोर चुकतात. आसपास मूल नसेल तेव्हा त्यांचा स्वेटर सुलट असतो.

मावशी तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत लहान मुलांच्या वॉर्डात राहिल्या. निवृत्तीनंतर बाकीच्या बायका बागकाम करतात, मावशींनी कोर्ट धरलं. इथे एखाद्या मुलाला घरात त्रास होतोय असं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं, की आईचा वकील असतो, बापाचा वकील असतो, आणि मुलाच्या बाजूने उभं राहायला कोर्ट तिसरं माणूस नेमतं. त्याला फेअरफारन्सबायश्टांड म्हणतात. हा शब्द बहुतेक वेळा त्या मुलापेक्षा लांब असतो. मावशींनी त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, आणि हे काम सुरू केलं. ते करण्याची त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. बायकोने एकदा विचारलं, "मावशी, या वयात कशाला हा व्याप?" तर म्हणाल्या, "अगं, कोर्टात सगळे हुशार लोक असतात. एक तरी बावळट नको का?"

त्यांचा सिद्धान्त असा, की मुलाला प्रश्न विचारायचा नाही. "प्रश्न विचारला की पोर भिंतीकडे बघतं. चूक केली की माझ्याकडे बघतं," असं त्या म्हणतात. आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलं कोपऱ्यात बसून आपापसांत जर्मन बोलत होती. मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर, नाहीतर नुसतं "या, गेनाऊ", म्हणजे "हो, बरोबर". मावशी त्यांच्यात जाऊन बसल्या आणि मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे गणपतीबाप्पाचं वाहन, मांजर." अख्खा कोपरा शुद्ध मराठीत ओरडला, "उंदीर, आजी, उंदीर." दर शनिवारची मराठी शाळा चालवून आम्हाला जे जमलं नव्हतं ते एका मांजराने केलं. आरती सांगणारे काका रागावले. मावशींनी त्यांची मनापासून माफी मागितली आणि मोदकांना लाडू म्हणत पुन्हा मुलांत जाऊन बसल्या. त्यांच्या बिल्डिंगमध्ये एका जर्मन आजोबांचा नातू राहायला आला होता, कुणाशी बोलायचा नाही. मावशी त्याच्यादेखत हिरवी बाटली पांढऱ्या काचेच्या डब्यात टाकायला निघाल्या. पोराचं रक्तच जर्मन, ते कसं सहन करणार. त्या दिवसापासून तो त्यांच्याबरोबर कचरा टाकायला जायला लागला आणि महिन्याभरात त्याने त्यांना आपल्या शाळेचं सगळं राजकारण सांगितलं. "अख्खा देश मला सुधारायला टपलेला आहे," मावशी म्हणायच्या, "माझ्यासारखीला याहून चांगला देश कुठे मिळणार?"

पण एक नियम त्या कडक पाळायच्या. वारात चुकायचं, प्राण्यांत चुकायचं, खेळात चुकायचं. घरात काय झालं याबद्दल मुलासमोर कधीही चुकायचं नाही. "तिथे आपण गप्प बसायचं. आपला चुकीचा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडात जाता कामा नये." हे सांगताना त्यांचा आवाज वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचा व्हायचा.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. इतके दिवस त्यातली माझी चूक फक्त बायकोला आणि मावशींना माहीत होती.

मंदार माझा सहकारी. मी हॅनोव्हरला आलो तेव्हा घर त्याने शोधून दिलं, पहिल्या आठवड्यात जेवण त्याच्या बायकोने, केतकीने, पाठवलं. मंडळाचा सेक्रेटरी, तबला वाजवणार, कुणाचं सामान हलवायचं असलं तर पहिला हजर. त्याची मुलगी सानिका माझ्या मुक्तापेक्षा थोडी मोठी. मुक्ताच्या वाढदिवसाला मावशी सोडून सगळे आमच्याकडे आले होते. सानिकाच्या हातून चटणीची वाटी गालिच्यावर सांडली. मंदार हसत उठला, म्हणाला, "चल बाळा, हात धुऊ," आणि तिला बाथरूममध्ये घेऊन गेला. दार लागलं. नळ जोरात सुटला. नळाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. खोलीतल्या प्रत्येकाला येत होतं, कारण सगळ्यांनी एकाच वेळी श्रीखंडाची तारीफ सुरू केली. केतकी ताटाकडे बघत होती. मी यजमान. मी उठलो आणि गाण्याचा आवाज वाढवला.

सानिका बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

आमच्यात युगेंडआम्ट, म्हणजे इथलं बालकल्याणाचं सरकारी खातं, याचं नाव बागुलबुवासारखं घेतात. मूल रडलं की, "खिडकी लाव, युगेंडआम्टवाले येतील, पोर उचलून नेतील." मी ऑफिसात बसून कायदा वाचून काढला. शिक्षक, डॉक्टर यांनी काय करायचं ते त्यात लिहिलेलं होतं. साध्या शेजाऱ्यावर, मित्रावर कळवायची सक्ती नव्हती. कळवू शकता, असं होतं. ते वाचून मला हायसं वाटलं. आयुष्यात लाज वाटावी असे क्षण पुष्कळ असतील, पण त्या हायसं वाटण्याची मला अजून जास्त लाज वाटते.

एका रविवारी मावशी आमच्याकडे आल्या होत्या. मुक्ताबरोबर सापशिडी हरून झाली, मुक्ता खाली खेळायला गेली, मी स्वयंपाकघरात चहा टाकला. मावशी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, मुक्ताच्या वाढदिवसाला तो मंदार आला नव्हता, नाही का."

"आला होता की."

"एकटाच आला असेल मग."

"नाही, केतकी होती. सानिका पण होती."

"पोरगी मजेत होती म्हणे."

मी गाळणं शोधायला लागलो. ते समोरच होतं.

"मजेत नव्हती, मावशी."

"पोरांची काहीतरी भांडणं झाली असतील."

"भांडणं नाही. मंदारने मारलं तिला. बाथरूममध्ये नेऊन, नळ सोडून."

"छे, तुला कुठलं ऐकू येणार. गाणी चालू होती ना मोठ्याने."

"ऐकू आलं म्हणूनच मी मोठी केली," मी म्हणालो.

चहा उतू गेला. मावशींनी गॅस बंद केला, ओटा पुसला, नवीन आधण ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या चहात साखर बरोबर होती. मग मला कळलं, की मुक्ता त्यांना बोलून गेली होती, माझ्या वाढदिवसाला सानिकाचे बाबा तिला हात धुवायला घेऊन गेले तेव्हा आपल्या बाबांनी गाणी फारच मोठी लावली होती म्हणून. मुक्तासमोर त्या गप्प बसल्या होत्या. बाकीचं माझ्याकडून काढून घेतलं. मी म्हणालो, "लहान मुलासारखं बोलतं केलंत मला."

"मुलांवर असल्या बाबतीत मी हे करत नाही. तू घोडा झालास, तुझ्यावर चालतं," त्या म्हणाल्या. "आता फोन कर. तू करायचास. माझी सगळी ऐकीव माहिती."

"आणि माझी चूक झाली असेल तर? एकदाच झालं असेल तर? माणूस चांगला आहे हो, मावशी. त्याचं घर मोडेल."

"चूक झाली असेल तर माफी मागायची. मी दिवसभर मागते, मला काय झालंय? खरं-खोटं शोधायचं काम त्यांचं. तुझं फक्त सांगायचं." आणि कप माझ्यासमोर सरकवून, "नळाच्या पलीकडे ती पोर काय विचार करत असेल ते बघ. बाहेर एवढी माणसं बसली आहेत, आता कुणीतरी दार वाजवेल."

मी फोन केला. तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं फोन केलात. चौकशी झाली, शाळेतल्या बाईंनीही पाहिलेलं सांगितलं, प्रकरण कोर्टात गेलं. मराठी कळणारं दुसरं कुणी त्या भागात नव्हतं म्हणून मावशींना विचारणा झाली. त्या आधी माझ्याकडे आल्या. "मला न्यायाधीशबाईंना सांगावं लागेल, की कळवणारा माझा जावई आहे. म्हणजे मंदारलाही कळेल. सांगू?" मी सांगा म्हणालो. दोन अक्षरांना इतका वेळ कधी लागला नव्हता.

मग मंडळात जे व्हायचं ते झालं. एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, तुमच्याकडे जेवायला येताना आता वकील बरोबर आणायचा का?" सगळे हसले. मी म्हणालो, "मुलांना आणा, पुरे." पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तिकडे मंदारच्या वकिलाने मावशींच्या नेमणुकीवर हरकत घ्यायची का विचारलं, तर मंदार हसून म्हणाला म्हणे, "राहू दे त्यांना. त्यांना आज वार कोणता ते सांगता येत नाही, त्या काय करणार." स्वतःच्या पायावर धोंडा इतक्या हसतमुखाने मारून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मावशी सानिकाकडे जायला लागल्या. त्याबद्दल आम्हाला त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. एरवी कुणाच्या घरी कुठला पडदा लावला हेसुद्धा सांगणारी बाई, पण या बाबतीत तोंडाला कुलूप. पुढचं मला पुष्कळ दिवसांनी सानिकानेच सांगितलं, हसत हसत. मावशींनी पहिल्या भेटीत तिच्या सशाला कासव म्हटलं. दुसऱ्या भेटीत तिला चौथीऐवजी बालवाडीत घातलं. तिसऱ्या भेटीत सानिकाच म्हणाली, "आजी, तू आधी बस, तुला काहीच माहीत नाही, मी सगळं नीट सांगते." आणि मावशी बसल्या, आणि ती सांगत होती तोवर एकदाही चुकल्या नाहीत.

इथे न्यायाधीश मुलाला स्वतः भेटतात, आईबाप त्या खोलीत नसतात. आत गेल्यावर सानिका भिंतीकडे बघायला लागली. मावशींनी न्यायाधीशबाईंना नमस्कार करून ओळख करून दिली, "ही सानिका, हिच्याकडे एक कासव आहे." सानिका म्हणाली, "ससा." आणि मग बाकीचं तिने स्वतःच, स्वतःच्या अस्खलित जर्मनमध्ये सांगितलं. नळ सुटला की आपल्याला आधीच कळतं, हे सांगितलं. आपल्याला काय हवंय हेही सांगितलं. आई आणि मी आमच्याच घरात, माझी शाळा तीच, ससा तिथेच. बाबांनी दुसरीकडे राहावं आणि न मारता कसं रागवायचं ते शिकावं. मावशींच्या अहवालात तिचीच वाक्यं होती, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. न्यायालयाने जवळजवळ तेच ठरवलं. पोर कुणी उचलून नेली नाही. घरातून बाहेर पडला तो मंदार. तो मुलीला भेटतो, तिसऱ्या माणसाच्या समोर. शिकायलाही जातो म्हणतात. मला तो ओळख दाखवत नाही, आणि मला ते मान्य आहे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाबाहेर उभा होतो. केतकी सानिकाचा हात धरून बाहेर आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. मागून मावशी आल्या. स्वेटर सुलट, केस चोपून बसवलेले, हातात फाईल, एखाद्या मंत्र्यासारख्या. पायऱ्या उतरून त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, आज गुरुवार ना?" सानिका ओरडली, "मंगळवार, आजी." अख्खा रस्ता वळून बघायला लागला. मावशींचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, लढाई जिंकून आलेले सेनापती असेच वार विसरत असतील.

आता मावशी थकल्या आहेत. कोर्टाचं काम त्यांनी सोडलं. केतकी आणि सानिका अधूनमधून आमच्याकडे येतात, तेव्हा मी मावशींनाही घेऊन येतो. सानिका चांगली उंच झाली आहे, तरी सापशिडीचा पट मांडते. गेल्या वेळी मावशी सापाच्या शेपटीवरून वर चढल्या, सानिकाने त्यांचं बोट धरून सोंगटी खाली आणली. मावशी पटाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या नळाच्या घरातली पोर रे. ती शेवटी बोललीच नाही, नाही का?"

मला त्यांचा नियम आठवला. घरातल्या गोष्टींबद्दल मुलासमोर त्या कधी चुकत नसत. ही चूक त्यांनी केलेली नव्हती, त्यांच्याकडून झाली होती.

सानिकाने सोंगटी खाली ठेवली, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "बोलली ना, आजी. सगळं बोलली. तू बस, मी नीट सांगते."